डिसेंबरकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, आणि अकरा महिने ते त्याच आडनावाने पगार घेतात. मालाड पश्चिमेला माइंडस्पेसमधल्या आमच्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनकडे पाठ करून, ते परदेशातल्या लोकांचे विम्याचे दावे तपासत बसलेले असतात. चहाला बोलावलं तर "झाला" म्हणतात. वाढदिवसाच्या केकचा तुकडा टिश्यूत गुंडाळून घरी नेतात. आणि मग नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप उगवतो, ‘इयर एंड फायनल’, आणि या मुखदुर्बळ माणसाचा डिसेंबरकर होतो.

‘फायनल’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. आठवड्याभरात ‘फायनल नवीन’, मग ‘फक्त नॉनव्हेज’, मग ‘मॅनेजर सोडून’ असे आणखी तीन ग्रुप निघतात, आणि मॅनेजर सोडून जे बोलायचं ते कुणीतरी नेमकं मॅनेजर असलेल्या ग्रुपवर बोलतं.

यांना नेमलं कुणी? कुणीच नाही. कागदोपत्री जबाबदारी एचआरच्या मुलीची. पण तिची समजूत अशी की सगळ्यांना एक रंगीत मेल पाठवला की पार्टी होते. डिसेंबरकर घडले मालाड पूर्वेच्या एका गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात. सोळाव्या वर्षी हातात वर्गणीचं पुस्तक आलं. मग मंडप, रोषणाई, पोलिसांची परवानगी, विसर्जनाचा ट्रक असं करत करत ते चिटणीस झाले. पुढे मंडळाच्या बॅनरवर गणपतीपेक्षा नेत्यांचे चेहरे मोठे यायला लागले तेव्हा हे बाहेर पडले. पण आतला कार्यकर्ता राजीनामा देत नाही. त्याला वर्षातून एकदा वर्गणी लागतेच.

म्हणून ते पार्टीला कधी पार्टी म्हणत नाहीत, ‘कार्यक्रम’ म्हणतात. पोरं ‘कॉन्ट्री’ म्हणतात, हे ‘वर्गणी’. पैसे फोनवर घेतात, पण पावती हातानेच फाडतात. पहिली पावती मॅनेजरच्या नावाची, आकडा जरा भरघोस. मग पुस्तक त्याच पानावर उघडं धरून बाकीच्यांपुढे उभं राहायचं. तोंडाने काही बोलायचं नाही. समोरचा माणूस तो आकडा वाचतो, आवंढा गिळतो आणि पाचशेच्या जागी आठशे देतो. ही विद्या कुठल्याही एमबीएला शिकवत नाहीत.

खरं नाट्य तारखेचं. मुळात वर्ष संपतं कधी, यावरच आमच्या मजल्यावर एकमत नाही. अकाउंट्सवाल्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं. गुजराती मंडळींचं दिवाळीतच संपून नवीन चोपडीही सुरू झालेली असते. गेल्या पाडव्याला गुढी उभारणारे म्हणतात, आमचं अजून बरंच शिल्लक आहे. डिसेंबरकर सगळ्यांचं ऐकून घेतात आणि भिंतीवरून कालनिर्णय काढून टेबलावर आडवं पसरतात.

मग उपासांची मोजदाद सुरू होते. सोमवार शंकराचा, दोघी जणी. मंगळवार सिद्धिविनायकाचा, पाच जण, त्यातले दोघे प्रभादेवीपर्यंत चालत जाणारे. गुरुवारचं तर विचारूच नका. 2025 साली 18 डिसेंबरपर्यंत मार्गशीर्षातले गुरुवार होते, आणि घरी महालक्ष्मीचा घट मांडून आलेल्या बाईसमोर तुम्ही तंगडी कबाब ठेवणार का? शनिवारी मारुतीवाले अडतात. शुक्रवारी एक संतोषीमातेची भक्त आहे, तिला मांसाहार चालतो पण लिंबू चालत नाही. ख्रिसमसच्या आधीचे दिवस ऑर्लेमला राहणारे आमचे तीन सहकारी उपलब्ध नसतात. मात्र नंतर ते घरच्या कलकलचा डबा आणतात, म्हणून त्यांना दुखावून चालत नाही. रविवार सगळ्यांना मोकळा, म्हणूनच सगळ्यांचा विरोध. अशी वजाबाकी करत करत शुक्रवार, 26 डिसेंबर उरला. संतोषीमातेच्या भक्ताला स्वतंत्र, बिनलिंबाची प्लेट. एका वयस्कर गुजराती गृहस्थांनी कमुरतांची शंका काढली, कारण 14 जानेवारीपर्यंत त्यांच्याकडे शुभकार्य करत नाहीत. डिसेंबरकरांनी शांतपणे विचारलं, "काका, आपल्या कार्यक्रमात शुभ असं काय आहे?" शंका तिथेच मिटली.

तारखेनंतर जागा. इथे मला नाइलाजाने साक्षीदार व्हावं लागलं, कारण पाहणीला एकट्याने जायचं नाही हा त्यांचा मंडळापासूनचा नियम. तरुणांनी मढच्या बंगल्याचा हट्ट धरला होता. पोहण्याचा तलाव, हिरवळ, समोर समुद्र. मालिकेत सासू-सून जिथे भांडतात तसला बंगला. आम्ही रविवारी दुपारी पोहोचलो. पोरं असती तर तलावापाशी फोटो काढले असते. डिसेंबरकर थेट संडासात शिरले. आतून कडी लावून पाहिली, बाहेर येऊन म्हणाले, "लागत नाही." मग पंखे मोजले, जनरेटरचं डिझेल कुणाचं ते विचारलं, गच्चीच्या कठड्याची उंची स्वतःच्या कमरेला लावून पाहिली. केअरटेकरने "म्युझिक रात्रभर चालेल" असं म्हणताच हे त्याच्याकडे शाळा बुडवलेल्या पोराकडे बघावं तसे बघायला लागले. उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर बंद. बारापर्यंत सूट मिळते ती वर्षातल्या ठरावीक दिवसांना, त्यात 31 डिसेंबर धरतात, 26 नाही. हे त्यांनी त्याला पोटनियमासारखं ऐकवलं. "तुम्ही पोलिसात आहात का?" त्याने हात जोडून विचारलं. "मंडळात होतो," डिसेंबरकर म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी मार्वे जेट्टीवर रिक्षा थांबवायला लावली. समोर मनोरी, फेरीबोटीने पलीकडे जायला काही मिनिटं पुरतात. तिथलं एखादं रिसॉर्ट कसं, असं मी सुचवून पाहिलं. ते पाण्याकडे बघत राहिले. कंपनीत ते लागले त्या वर्षीची सहल याच बाजूने एस्सेलवर्ल्डला गेली होती म्हणे. तेव्हा एक जण परतीच्या बोटीला राहिला होता. एस्सेलवर्ल्ड 2022 मध्ये बंद झालं, तो माणूसही नोकरी सोडून गेला, पण डिसेंबरकरांच्या डोक्यातली डोकी मोजायची सवय राहिली. "तिघी विरारला जातात, एक कल्याणला," ते म्हणाले. "बोट चुकली तर त्यांच्या घरी फोन कोण करणार? तुम्ही?" मीठ चौकीच्या गर्दीत आमची रिक्षा चाळीस मिनिटं उभी होती तोवर मढही निकालात निघालं होतं.

शेवटी जागा कुठली ठरली? लिंक रोडवरचा तोच हॉल, ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर, लोअर मालाड मेट्रो हाकेच्या अंतरावर. गेली सहा वर्षं तोच ठरतो. हॉलवाला इतका सरावलाय की डिसेंबर लागला की स्वतःच फोन करतो, "साहेब, सगळीकडे बघून झालं का?"

दारूबाबतही त्यांचा कारभार सरळ. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं किंवा आठवत नाही. विदेशी मद्यासाठी एका दिवसाच्या परवान्याचे पाच रुपये, देशीसाठी दोन. आणि वयाची अट पंचवीस, बियरला एकवीस. डिसेंबरकरांनी माणशी पाच रुपये वेगळे लावले आणि यादी करताना जन्मतारखा मागितल्या. त्यात एचआरची मुलगी चोवीस वर्षांची निघाली. तिच्या नावापुढे त्यांनी ‘फक्त बियर’ लिहिलं. ती अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

कार्यक्रम व्हायचा तसा झाला. मॅनेजरने आपण सगळे एक कुटुंब आहोत असं सांगितलं, ते कुटुंब स्टार्टरवर तुटून पडलं. हाऊजीत पहिलं घर दोघांना एकदम लागलं आणि बक्षिसाचा प्रेशर कुकर फाडायचा कसा यावर वाद झाला. सीक्रेट सँटात तीनशे रुपयांची मर्यादा असताना मला तोच पेनस्टँड मिळाला जो मी 2023 साली दुसऱ्या कुणाला तरी दिला होता. दहाला दहा मिनिटं कमी असताना डिसेंबरकरांनी डीजेच्या खांद्यावर हात ठेवला. सव्वादहाला ते दाराशी उभं राहून रिक्षांचे नंबर लिहून घेत होते.

खरं सांगायचं तर ज्या जमिनीवर आमचं ऑफिस आहे तिथे पूर्वी चिंचोलीचं डम्पिंग ग्राउंड होतं. शहराला नको झालेलं सगळं इथे येऊन पडायचं. आता आम्ही येऊन पडतो, दिवसाचे नऊ तास, हेडफोन लावून, शेजारच्याच्या गावाचं नाव माहीत नसताना. कोण कुठल्या वारी काय खात नाही, कुणाला कुठली शेवटची गाडी पकडायची असते, कुणाच्या आईला रात्री अकरानंतर फोन उचलता येत नाही, हे सगळं त्या मजल्यावर फक्त एका माणसाच्या वहीत आहे. ती वही ते स्टेपलरखाली ठेवतात.

2 जानेवारीला ग्रुपवर हिशेब आला. जमा, खर्च, फुटलेले दोन ग्लास, हॉलच्या वॉचमनला दिलेले शंभर, आणि तळाशी : शिल्लक 41 रुपये. एकाने अंगठा दाखवला. बाकीचे ग्रुप सोडून गेले होते.

मी झेरॉक्स काढायला गेलो तेव्हा ते पुन्हा दावे तपासत होते. समोर 2026 चं नवं कालनिर्णय होतं, पण जानेवारीचं पान नव्हतं, डिसेंबरचं होतं. त्यांनी 24 आणि 31 वर पेन्सिलने गोल केले होते. दोन्ही गुरुवार, दोन्ही मार्गशीर्षातले, आणि मधल्या शुक्रवारी ख्रिसमस.

"चहा?" मी विचारलं.

"झाला," ते म्हणाले. मग मान वर न करता, हळूच : "तुमच्या बाजूला गुरुवार किती जणी करतात हो?"