उजव्या गुडघ्यास अनावृत पत्र

विषय : पॉलिसीची तीन वर्षं पुरी होईपर्यंत दुखणं तहकूब ठेवण्याबाबत.

रा. रा. उजवा गुडघा यांस,
सा. न. वि. वि.

परवा डॉक्टरांनी तुझा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि 'वाटी बदलावी लागेल' असं म्हणून टाकलं. तू लगेच हो म्हणालास, जिन्यावर कुरकुरून. पण हा निर्णय तुझा नाही, माझाही नाही. तो पॉलिसीच्या सतराव्या पानाचा आहे.

चूक माझीच. निरोपसमारंभात शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याच दिवशी ऑफिसचा सामूहिक विमाही गेला, हे एकाही भाषणात आलं नाही. तेव्हाच अर्ज केला असता, तर त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मिळून जुनी वर्षं मोजून घेता आली असती. मी घड्याळ टांगण्यासाठी खिळा शोधत बसलो.

गेल्या वर्षी जागा झालो. पाच लाखांची पॉलिसी घेतली. फॉर्मवर तुझी संधिवाताची कुंडली प्रामाणिकपणे मांडली, कारण लपवलं असतं तर ऐन ऑपरेशनच्या वेळी क्लेम फेटाळला गेला असता. प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून 'आधीपासूनचा आजार' असा शिक्का आणि तीन वर्षांची प्रतीक्षा मिळाली. पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत असे. २०२४ साली नियामकाने ती तीनवर आणली. तुझ्यासाठी वर्षभर सूट मिळवून दिली, त्याचं तुला काहीच नाही.

अपघाताला मात्र ही प्रतीक्षा नाही. म्हणजे तू साठ वर्षं इमानेइतबारे झिजलास तर थांब, रिक्षाने उडवलास तर लगेच ये! हे वाचून रस्ता ओलांडताना भलते विचार करू नयेस.

तीन वर्षांनी तुझी वर्णी लागली तरी रुबाब करायचा नाही. खोलीभाड्याला दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे. खिडकीतून झाड दिसणारी दहा हजारांची खोली घेतलीस, तर वरचे पाच हजार तर आपले जातीलच, शिवाय सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं असे खर्चही निम्मेच मंजूर होतील. झाड महाग पडेल. वर प्रत्येक क्लेममध्ये वीस टक्के आपले. पाच लाखांपुढच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप घेतलाय, पण तो पाच लाख ओलांडल्यावरच डोळे उघडतो आणि त्याचीही प्रतीक्षा वेगळी.

'सरकारी योजना बघ' असं सौभाग्यवती म्हणाल्या. आपलं पांढरं रेशनकार्ड आजवर फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून कामी आलं. आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते कुठल्याही रंगाचं चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण उपचारांची यादी ठरलेली, रुग्णालयंही ठरलेली. त्या यादीत तू बसतोस का, हे विचारायला रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जायचंय. जायला तूच लागणार, ही अडचण आहे.

दुसरी आशा आयुष्मान वय वंदना कार्डाची. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर त्यातच वाटून घ्यायचं. पण जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून चालतात आणि खासगी पॉलिसी असली तरी हरकत नाही. इतकं सरळ वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

फक्त वय आधारकार्डावरचं धरतात. इथे जुनं पाप आडवं येतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून लावली आणि सालही एकाने पुढे ढकललं. त्या कृपेने नोकरीत वर्षभराचा पगार जास्त मिळाला. आपण पेढे वाटले होते. आता ते वर्ष गुरुजी वसूल करताहेत. कागदावर मी सदुसष्टचा, जिन्यावर अडुसष्टचा.

तेव्हा विनंती इतकीच : यापुढे तूही आधारकार्डाप्रमाणे झिजावंस. डाव्या गुडघ्याला हे पत्र दाखवू नकोस. त्याचं नाव फॉर्मवर लिहायचं राहिलंय.

तुझ्यावरच उभा असलेला,
मी