केमोच्या आधी एक कांडी

कुर्डुवाडीच्या शिवारात फटफटीला नायट्रोजनचा कॅन बांधलेला माणूस वस्तीवर आला, की घरातली म्हातारीसुद्धा आडपडदा न ठेवता विचारते, ‘‘डॉक्टर, वळू कुठला? त्याच्या आईचं दूध किती होतं?’’ झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो. आत उणे १९६ अंश. त्यातून चिमट्यानं काढलेली पाव मिलीलिटर वीर्याची कांडी अर्धा मिनिट कोमट पाण्यात, तिथून गनमध्ये, तिथून गायीत. वळू कदाचित केव्हाच मेलेला असतो, त्याचं खानदान मात्र सगळ्यांना तोंडपाठ. लाइट असो वा नसो, या शीतपेटीचं महावितरणवाचून काही अडत नाही. आता तर कालवडच व्हावी म्हणून निवडक कांडीही मिळते आणि तिला सरकारचं अनुदान आहे. मादी जन्मावी म्हणून घरदार देव पाण्यात घालून बसतं, अशी आपल्याकडे गोठा ही एकच जागा.

आता याच म्हातारीला सांगा, की माणसाचं बीजही असंच गोठवून ठेवता येतं. ती आधी कानावर हात ठेवेल, मग ‘कलियुग’ म्हणेल.

वास्तविक माणूस गायीच्या फार मागे नव्हता. १९४९ साली इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि मंडळींना कोंबड्याचं वीर्य ग्लिसरॉलमध्ये घालून गोठवलं तर जगतं, हे कळलं. १९५१ मध्ये त्या तंत्रानं पहिलं वासरू झालं, १९५३ मध्ये अमेरिकेत माणसातही गर्भ राहिला. स्त्रीबीजाला जास्त वेळ लागला. ते आकारानं मोठं आणि पाण्यानं भरलेलं, हळू गोठवलं की आत बर्फाचे स्फटिक होऊन ते फाटायचं. आता ते क्षणार्धात काचेसारखं गोठवतात.

पण आपल्याकडे हा विषय निघतो तो फक्त चेष्टेला. मुंबईची नटी, पुण्याची आयटीवाली, ‘करिअरसाठी आईपण फ्रीजमध्ये ठेवलं’ वगैरे. २०१४ मध्ये फेसबुक आणि अॅपलनं नोकरीतल्या बायकांचं स्त्रीबीज गोठवण्याचा खर्च उचलायचं ठरवलं, तेव्हापासून तर टवाळांना आयतं कोलीत मिळालं. आईपण आणि काम यांची टक्कर बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आमच्या माढा तालुक्याच्या उसात बीडचा कोयता येतो. त्याच बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा नको, खाड्याचा दंड नको, म्हणून पिशवीच नको. यांच्यावर कुणी ‘करिअरिस्ट’ म्हणून विनोद केल्याचं ऐकिवात नाही.

गोठवण्याची खरी निकड आहे ती कॅन्सरच्या पेशंटला. केमोतली काही औषधं, सायक्लोफॉस्फामाइडसारखी, कॅन्सरबरोबर बीजकोशही जाळतात. पोटाच्या खालच्या भागाला दिलेलं रेडिएशनही तेच करतं. आजार बरा होतो, पोरगं तिशीत संसाराला लागतं आणि मग कळतं की दार बंद झालंय.

पुण्याच्या एका शिक्षिकेची गोष्ट २०१८ मध्ये सगळ्या पेपरांनी छापली. मुलगा जर्मनीत शिकत होता, २०१३ मध्ये मेंदूत ट्यूमर निघाला. तिथल्या डॉक्टरांनी केमोआधी त्याचं वीर्य गोठवून ठेवलं. २०१६ मध्ये मुलगा गेला. आईनं ते वीर्य पुण्याला आणवलं आणि नात्यातल्या एका बाईनं जुळी नातवंडं जन्माला घातली. महाराष्ट्र गहिवरला. गहिवरायला आपल्याला कारण पुरतं, धडा लागत नाही. धडा असा होता, की जर्मनीत त्या पोराला केमोच्या आधी कुणीतरी विचारलं.

आपल्याकडे कोण विचारतं? कुर्डुवाडीहून लातूरच्या गाडीत बसलं की तासाच्या आत बार्शी. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सरचं हॉस्पिटल आहे आणि ग्रामीण भागातल्या कॅन्सरची देशातली पहिली नोंदवही १९८७ पासून याच बार्शीनं ठेवली. म्हणजे आजार आमच्या ओळखीचा, वाट पायाखालची. पण कॅन्सर निघाला की घरात दोनच प्रश्न होतात: वाचेल का आणि पैसे किती? तिसरा सुचत नाही. सुचला तर पेशंटचं लग्न झालेलं नसतं, मग तो विचारायची लाज वाटते. वळूचं सगळं खानदान विचारणारे आपण पोराच्या बाबतीत मात्र घसा खाकरून गप्प बसतो.

पुरुषाचं काम सोपं आहे. एक-दोन दिवस आणि काही हजार रुपये. बाईला दोनेक आठवडे इंजेक्शनं, भूल देऊन बीजं काढणं आणि लाखाच्या वर खर्च. शिवाय हमी नाही. पस्तिशीनंतर बीजांचा दर्जा घसरतोच आणि काही कॅन्सर दोन आठवडे थांबूही देत नाहीत. ते डॉक्टरच ठरवतील, पण विषय तर निघायला हवा.

आणि फॉर्म वाचा. ‘माझ्या मृत्यूनंतर काय करायचं’ असा रकाना त्यात असतो. पुण्याच्या पोरानं आई आणि बहिणीचं नाव लिहिलं होतं. मुंबईतल्या एका अविवाहित तरुणानं मात्र ‘नष्ट करा’ लिहिलं. तो गेल्यावर आईला हायकोर्टात जावं लागलं आणि निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवा, असा आदेश कोर्टानं जून २०२५ मध्ये दिला. पोराचं लेखी म्हणणं मोठं की आईची आस, यावर मी तरी पोराच्या बाजूनं आहे. पण सही करण्याआधी घरात बोलणं झालं असतं, तर हा तंटा कोर्टापर्यंत गेला नसता.

तेव्हा घरात कुणाला केमो सांगितली असेल, तर पहिल्या डोसची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘‘यानं पुढं मूल होण्याला धोका आहे का? आधी काही गोठवून ठेवायचं का, आणि कुठं?’’ पेशंट अविवाहित असला तरी विचारा. मुलगी असली तर दोनदा विचारा.