बावन्न हत्ती आणि लाल पेन

मास्तरांची एआयची भीती घालवायची असेल तर त्यांना कार्यशाळेला पाठवू नये. आमच्या वहिनींना पाठवलं होतं. दिवसभर पडद्यावर बाण आणि चौकोन, मध्ये समोसा, शेवटी प्रमाणपत्र. घरी येऊन त्या म्हणाल्या, "भाऊजी, आता अपनी नोकरी गेली." (पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात काढल्यावर मराठीत 'अपन' घुसतोच.)

भीती अगदीच हवेतली नव्हती. सीबीएसईने २०१९ मध्ये नववीला एआय हा ऐच्छिक विषय आणला. आता २०२६-२७ पासून तो तिसरीपासूनच शिकवायची घोषणा झाली आहे. त्या वयात आम्ही थुंकीने पाटी पुसत होतो.

आमचं घर सराफ्यात. वर वहिनींची शिकवणी, खाली कारागिराची ठोकठोक. एका संध्याकाळी शेजारच्या सराफांचा धाकटा त्रिपुरी काँग्रेसवरचा निबंध घेऊन आला. १९३९ चं ते अधिवेशन आम्हाला घरचं कार्य वाटतं. त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या कमानिया गेटाशीच आम्ही खोव्याची जिलबी खातो. निबंधात 'परिप्रेक्ष्य' असा शब्द होता. पोराला स्वतःचं आडनाव लिहिताना घाम फुटतो. लेखक कोण, हे विचारायची गरज नव्हती.

वाचता वाचता वहिनी एका ओळीवर अडल्या. सुभाषबाबू म्हणे मिरवणुकीत हत्तीवर बसून लोकांना हात हलवत होते! "अरे, ते तापाने फणफणले होते! बावन्नावं अधिवेशन म्हणून रथाला बावन्न हत्ती, आणि रथात नुसती तसबीर!" पर्समधून लाल पेन निघालं. यंत्राला दहापैकी चार. शेरा : 'कल्पनाविलास फार, अभ्यास कमी.' माझ्या मते त्यांचं प्रशिक्षण त्या क्षणी झालं.

पोराने चूक यंत्राला कळवली. उत्तर आलं, 'आपण अगदी बरोबर आहात. क्षमस्व.' वहिनी हरखल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. दादाकडून तर नाहीच. पण मास्तरीण ती मास्तरीण. "आता लिही, हत्ती साठ होते." यंत्र म्हणालं, 'होय, साठच. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.' आणखी दोन गुण कापले गेले.

तेव्हापासून नियम ठरला : यंत्राला खुशाल विचारा, पण त्याची एक तरी ओळ पुस्तकाशी ताडून आणा. शेजारचे सराफही हॉलमार्कच्या एचयूआयडीचा सहा अक्षरी शिक्का बघून वर डाग कसोटीवर घासतातच. पोरं आता यंत्राला पकडायच्या ईर्ष्येने पुस्तकं उघडतात. ज्या पुस्तकांची पानं वर्षभर एकमेकांना चिकटून असायची, त्यांचे कोपरे दुमडले आहेत.

धाकटा मात्र त्या दिवशी बराच वेळ लाल आकड्याकडे बघत बसला होता. शेवटी म्हणाला, "मैडम, दो नंबर तो मैं खुद भी ले आता हूँ."