चार काड्या कढीपत्ता

"वहिनी, चार काड्या कढीपत्ता द्या हो," ताई मेंदीच्या कुंपणावरून म्हणाल्या. कढीपत्त्याचं झाड त्यांच्याही परसात आहे. पण सकाळी अकराला त्यांना आमच्याच झाडाचा लागला, की बातमी पोटात मावत नाहीये असं समजायचं.

"ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या मास्तरांची नात निघाली इंग्लंडला. गोष्टी लिहायला शिकायला!"

"अगं बाई, हो का?" मी म्हटलं. मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, पण त्यांच्या तोंडचा घास कशाला काढा.

"इंजिनियर झालेली पोर! आमची आजी जन्मभर गोष्टी सांगत होती, तिनं कुठं एम.ए. केलं होतं? आणि नेमाड्यांची 'कोसला' 1963 साली आली, ती कुठल्या वर्गात बसून लिहिली त्यांनी?"

ताई निवृत्त ग्रंथपाल. असे दाखले त्यांच्या पदराच्या गाठीलाच असतात.

"नेमाडे तेव्हा इंग्रजी, भाषाशास्त्र शिकत होतेच की."

"ते शिकत होते. कादंबरी शिकत नव्हते."

यावर मला काही सुचेना. मग मी मास्तरांकडून ऐकलेलं सगळं ओतलं. गावाचं नाव नॉरिच, विद्यापीठ ईस्ट अँग्लिया. 1970 साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या दोघा कादंबरीकारांनी तिथं हा एम.ए. सुरू केला. पहिल्या वर्षी लिहिणारा विद्यार्थी एकच, इयन मॅकइवन.

"एकच? मग वर्ग कसला, शिकवणी म्हणा."

"आणि 1980 ला तिथून बाहेर पडला इशिगुरो."

"तो बटलरच्या कादंबरीवाला?"

"तोच. 2017 चं नोबेल."

"म्हणजे फी भरली की नोबेल?"

"तसं असतं तर आपल्या चौकातल्या क्लासवाल्यांनी फ्लेक्स लावला नसता? इशिगुरोचा हार घातलेला फोटो आणि खाली 'आमचा विद्यार्थी, बॅच 1980'!"

ताई हसल्या, पण माघार घेतील तर त्या ताई कसल्या. "पण शिकवतात काय तिथं?"

"आधी गोष्ट सगळ्यांना वाटायची. ती घरी वाचून यायचं. मग टेबलाभोवती बसून सगळे तिची पिसं काढतात. हे पात्र कशाला आणलं, इथं उगाच रडलीस, शेवट ताणलास. बऱ्याच ठिकाणी तर ज्याची गोष्ट, त्यानं तोवर तोंड उघडायचं नाही असा दंडक असतो. अमेरिकेत आयोवाला 1936 पासून हेच चाललंय."

"माणूस समोर बसलेला असताना?"

"समोर."

"शी! आपण निदान माणूस उठून गेल्यावर बोलतो."

आयोवाचं नाव निघाल्यावर त्यांचा सूर मात्र जरा उतरला. दिलीप चित्रे 1975 च्या सुमारास तिथल्याच आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रमाला गेले होते, हे त्यांना ठाऊक होतं. चित्र्यांच्या तुकारामावर त्यांचा फार जीव. "पण तो माणूस आधी कवी होता, मग गेला," असं पुटपुटून घेतलंच.

"मास्तर वेगळ्याच कारणानं खूश आहेत," मी म्हटलं. "तिथं झेबाल्ट नावाचा जर्मन लेखक शिकवायचा. इंग्लंडमध्ये राहून जन्मभर जर्मनमध्येच लिहीत राहिला. त्यानं 1989 साली त्याच विद्यापीठात भाषांतराचं केंद्र काढलं. मास्तर म्हणतात, नात इंग्रजीत जाऊन बसली तरी मराठीचं दार उघडं राहील."

"दार कसलं डोंबलाचं. पोरगी लिहितेच मराठीत. अर्जासाठी तेवढी गोष्ट इंग्रजीत केली तिनं."

"तुम्हाला काय माहीत?"

ताईंनी कढीपत्त्याची एक काडी उगाच झटकली. "मला दाखवली होती ना. मीच म्हटलं, शेवटचं पान काढून टाक. काढलं बिचारीनं."

म्हणजे इतका वेळ ही बाई मला खेळवत होती.

"आहे काय गोष्टीत?"

"एक बाई आहे. घरात झाड असून शेजारणीकडे कढीपत्ता मागते."

मला हसू आवरेना. "अगदी हुबेहूब! आणि शेजारीण?"

"शेजारणीला सगळं आधीच ठाऊक असतं," ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तरी दर वेळी 'अगं बाई, हो का?' म्हणते."

मी आणखी दोन काड्या तोडून दिल्या.