आणि समस्त परिवार

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला पुतणीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ होतं, दुसऱ्या टोकाला माझ्या शोधनिबंधाची संदर्भसूची. तिकडे धाकटे दीर, इकडे मी. भाऊजी ‘चि. सौ. कां.’मधली टिंबं तपासत होते, मी 64 संदर्भांमधली. मधोमध उरलेल्या चिवड्याचा डबा.

निबंध भातखाचरातल्या खेकड्यांवरचा. पाच पावसाळे चिखल तुडवला, दोनदा अंगठा चावून घेतला, तेव्हा कुठे लिहून झाला. पहिल्या नियतकालिकाने तो नऊ दिवसांत साभार परत केला. दुसऱ्याकडे पाठवायचा म्हणून त्यांच्या ‘लेखकांसाठी सूचना’ उघडल्या, तर साडेतीन पानं नुसती संदर्भ कसे लिहावेत यावर. वर्ष कंसात. खंडाचा आकडा ठळक, अंकाचा नको. पृष्ठांच्या आकड्यांमध्ये आडवी रेघ, पण छोटी नव्हे, मधली. रेघेलाही धाकटी, मधली, थोरली अशी भावंडं असतात हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

पहिल्या नियतकालिकाला आकडे चालत होते. मजकुरात नुसता 1, 2, 3 आणि शेवटी त्याच क्रमाने यादी. ही व्हँकूव्हरची रीत. 1978 साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या त्या गावात जमले आणि सगळ्यांची मिळून एकच पद्धत असावी असं त्यांनी ठरवलं. हेतू चांगला होता. पण आपल्याकडे पंथ मोडायला निघालेल्याचाच पुढे एक पंथ होतो, तसं झालं. आज झोटेरो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ लिहिण्याच्या दहा हजारांहून जास्त शैली निवडायला मिळतात.

झोटेरोचं नाव मला माझ्या विद्यार्थिनीने सांगितलं. “मॅडम, एक क्लिक करायचं. सगळे संदर्भ आपोआप बदलतात.” केलं क्लिक. बदलले खरेच. खेकड्यांची तिरप्या अक्षरांतली लॅटिन नावं सरळ झाली. काही शीर्षकं आरडाओरडा केल्यासारखी सगळीच्या सगळी मोठ्या लिपीत आली. आणि ज्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक 1886पासून चालू आहे, ती अख्खी संस्था एक गृहस्थ होऊन यादीत बसली: सोसायटी, बी. एन. एच. आडनाव सोसायटी. मला क्षणभर वाटलं, असतीलही कोणी पारशी.

“अगं, हे काय?” मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, भरताना तुम्हीच तसं भरलंय.” ते खरं होतं.

दुसऱ्या नियतकालिकाला हवी होती ती कंसात नाव आणि वर्ष देण्याची हार्वर्डची रीत. नाव भारदस्त, पण तिचा उगम सांगतात तो एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या 1881 सालच्या निबंधात, आणि तो निबंध आहे शंख नसलेल्या गोगलगाईच्या अंड्यांवर. कोकणात पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर चढते आणि आमच्या सासूबाई जिच्यावर मीठ टाकतात, तिचीच ही परदेशी बहीण. जगभरचे समाजशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ आज जो कंस टाकतात, तो एका गोगलगाईमागून सरपटत आला आहे. आम्हा प्राणिशास्त्राच्या मास्तरांना याचा थोडा अभिमान वाटतो.

“वहिनी, आत्याबाईंचं नाव काकांच्या आधी घालायचं की नंतर?” भाऊजींनी विचारलं.

मला हसू आलं, कारण माझंही तेच चाललं होतं. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, कोणाला पूर्ण नावानिशी बोलवायचं आणि कोणाची बोळवण ‘आणि समस्त परिवार’ एवढ्यावर करायची. आमच्याकडे त्याला ‘एट अल.’ म्हणतात. लॅटिन आहे म्हणून मान आहे, अर्थ तोच. मानसशास्त्रवाल्यांच्या एपीए शैलीचा सध्याचा नियम तर थेट पत्रिकेवरून उचललेला वाटतो: लेखक वीसपेक्षा जास्त असतील तर पहिली 19 नावं द्यायची, मग तीन टिंबं, मग एकदम शेवटचं नाव. त्या तीन टिंबांत किती चुलतसासरे गडप होत असतील! 2015 साली हिग्ज बोसॉनचं वस्तुमान सांगणाऱ्या निबंधाला 5,154 लेखक होते. निबंधाची पानं 33, त्यांतली 24 नुसत्या लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांची. एवढे निमंत्रक आमच्या पत्रिकेवर असते तर भाऊजींनी पुतणीला पळून जायचा सल्ला दिला असता.

रुसणारे मामाही आमच्याकडे असतात. याआधीच्या एका निबंधावर दुसऱ्या क्रमांकाच्या परीक्षकाने लिहिलं होतं, ‘लेखिकेने पुढील चार महत्त्वाचे निबंध विचारात घेतलेले नाहीत.’ चारही निबंधांत एक नाव समान होतं. परीक्षकाचं नाव गुप्त असतं म्हणतात. मी चारही घातले. मामा पाटावर बसल्याशिवाय अक्षता पडत नाहीत.

खरी नाचक्की मात्र आल्कॉकसाहेबांपाशी झाली. इंडियन म्युझियमच्या संग्रहातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची त्यांची सूची 1910 साली कलकत्त्यात छापली गेली. गावाचं नाव कलकत्ता ठेवावं की कोलकाता करावं, यावर मी आणि विद्यार्थिनी अर्धा तास बोललो आणि छापलंय तसंच ठेवायचं ठरलं. तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, पान क्रमांक एकदा बघून घेऊ या.” घेतला बघून. त्या पानावर भलत्याच खेकड्याचं वर्णन होतं.

मी तो आकडा कुठून घेतला होता? दुसऱ्या एका निबंधातून. त्यांनी कुठून घेतला? बहुधा तिसऱ्यातून. 2003 साली सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी संदर्भांतल्या अशाच चुका कशा एकाकडून दुसऱ्याकडे जातात ते तपासलं आणि अंदाज बांधला, की मूळ निबंध वाचून उल्लेख करणारे साधारण पाचांत एक. मी उरलेल्या चारांतली निघाले. त्या रात्री मात्र आल्कॉक अकरा वाजेपर्यंत वाचला. चिवडा संपला.

तरी मी निदान असलेल्या पुस्तकाचं चुकीचं पान दिलं होतं. एका बड्या प्रकाशकाच्या सूचनांमध्ये नमुन्यादाखल एक संदर्भ होता, ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा. लेखक, वर्ष, खंड, पानं सगळं जागच्या जागी. तसा निबंध कोणी लिहिलेलाच नव्हता. तरी जवळपास 400 लेखांच्या सूचीत तो सापडला. लोकांनी नमुना उतरवला आणि पुसायचा राहिला. स्वल्पविराम बरोबर असल्यावर कोण विचारतो? पत्रिका छापणाऱ्याच्या नमुन्यातला वर आमच्या पत्रिकेवर राहिला असता तर निदान मुलीने आरडाओरडा केला असता.

पत्रिका बुधवारी छापून आली. आत्याबाई काकांच्या आधी, टिंबं सगळी जागेवर, लग्नाची तारीखही बरोबर. फक्त कार्यालयाच्या पत्त्यातली पेठ चुकली. माझा निबंध शुक्रवारी गेला. आता 65 संदर्भ आहेत, शैली हार्वर्ड, रेघा मधल्या. छापून आला आणि तुमच्या काही उपयोगी पडला, तर उल्लेख अवश्य करा. शैली कुठलीही चालेल, पण पान उघडून बघा, हीच अगत्याची विनंती.