कागदी भिंत

ड्रायवॉल म्हणजे दोन जाड कागदांमध्ये दाबून बसवलेले जिप्सम. अमेरिकी घरांत यालाच भिंत म्हणतात. ऑगस्टीन सॅकेटने १८९४ मध्ये अशा बोर्डाचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धात मजूर मिळेनात, तेव्हा ओल्या गिलाव्याची सद्दी संपली. अर्धा इंच जाडीचा बोर्ड लाकडी वाशांवर स्क्रूने कसायचा, सांध्यांवर कागदी पट्टी आणि लांबी फिरवायची, की झाली खोली. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे पाणी बांधलेले असते. आगीत त्याची वाफ होऊन ज्वाळा काही काळ थोपतात. आगीला तोंड देणारी ही भिंत गळक्या नळापुढे मात्र हात टेकते: कागद भिजून फुगतो, बुरशी धरतो. आजोबांची जड तसबीर टांगायची, तर आधी बोटांनी टकटक करत मागचा वासा शोधायचा. रागाने मारलेला गुद्दा थेट आरपार. भोकांवर लावायची तयार ठिगळे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. गृहकलहाचा खप त्यावरून कळावा.