बर्फाबद्दल स्वच्छ, बाकी धुकं

जानेवारी अर्धा सरला की अमेरिकेत शाळकरी मुलं असलेल्या घरोघरी स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या बड्या साहेबांचं, पत्र येतं. न्यू जर्सीसारख्या टीचभर राज्यात सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत, पत्रं मात्र सगळी एकाच टाकातून उतरल्यासारखी. एडिसनकडच्या मराठी घरात ते सूनबाई अर्धं वाचतात, चिरंजीव वाचल्याचं सांगतात आणि सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा अथपासून इतिपर्यंत वाचतात. आजोबांची उभी हयात मंत्रालयात गेली. परिपत्रक खालून वर वाचायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

वरचा मजकूर ठरलेला. ‘प्रिय शालेय परिवार’, सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार, सायन्स फेअरचा फोटो, दयाळूपणा सप्ताहाचा वृत्तांत आणि पाच खांबांवर उभी असलेली पंचवार्षिक दूरदृष्टी. खांब कशावर टेकलेत ते पुढच्या पत्रात.

मग येतो बर्फ. इथे साहेबांना कंठ फुटतो, आणि खोटं कशाला बोला, या एका कामात गडी कष्ट उपसतो. बर्फ पडायच्या रात्री मुलं पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपतात; फ्रीजमधले बर्फाचे खडे कमोडमध्ये टाकून फ्लश करतात. सुट्टीसाठी नवस! आपण देव पाण्यात ठेवतो, ही पोरं बर्फ ठेवतात. पहाटे चारच्या सुमारास साहेब स्वतः गाडी काढून रस्ते किती घसरडे झालेत ते बघत हिंडतात, मीठ टाकणाऱ्या खात्याला फोन लावतात, शेजारचे साहेब काय करणार याचा कानोसा घेतात. साडेपाचला घराघरांत रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो: आज शाळा बंद. वर्षाचे 180 दिवस भरायलाच हवेत, म्हणून हा दिवस वसंतातल्या सुट्टीतून कापणार, नाहीतर जूनच्या शेपटीला जोडणार. बर्फामुळे घरून ऑनलाइन शिकवलं तर न्यू जर्सीत तो दिवस धरत नाहीत. न्यूयॉर्क शहरात धरतात. तिथे 13 फेब्रुवारी 2024 ला सुमारे नऊ लाख मुलांना घरून हजेरी लावायला सांगितलं, सकाळी लॉगिनच होईना, आणि शाळांचे प्रमुख डेव्हिड बँक्स यांनी आयबीएमकडे बोट दाखवलं. त्या दिवशी चमच्याची गरजच पडली नाही.

या जमातीत एक अपवाद होऊन गेला. वेस्ट व्हर्जिनियातल्या जेफरसन काउंटीच्या सुपरिंटेंडेंट बॉन्डी शे गिब्सन यांनी डिसेंबर 2020 मध्ये, ऑनलाइन वर्ग भरवता येत असतानाही, तेसुद्धा बंद ठेवले आणि मुलांना बर्फात खेळायला जा म्हणून सांगितलं. ते पत्र देशभर फिरलं. त्यात मायाही होती. पण माझा आपला समज असा, की पहिल्या वाचनात समजलेलं सरकारी पत्र लोकांनी प्रथमच पाहिलं असावं.

आमच्या साहेबांना इतकं सोपं लिहून परवडत नाही, कारण खालून दुसऱ्या परिच्छेदात पैशांचा विषय आहे. कोविडच्या काळात वॉशिंग्टनने देशभरच्या शाळांना तीन हप्त्यांत जवळजवळ 190 अब्ज डॉलर दिले आणि ते कामी लावायची मुदत सप्टेंबर 2024 ला संपली. त्या पैशावर नेमलेली माणसं आहेत, पैसा नाही. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टला मालमत्ता कराची वसुली, काही अपवाद सोडले तर, वर्षाला दोन टक्क्यांवर वाढवता येत नाही. आरोग्यविम्याच्या हप्त्याला असली कुठली मर्यादा ठाऊक नाही. राज्याचं अनुदान किती, ते गव्हर्नरांच्या बजेट भाषणानंतर कळणार. यातलं एकही वाक्य पत्रात नाही. पत्रात आहे: ‘विद्यार्थी केंद्रस्थानी ठेवून काही सेवांची नव्याने सांगड घालण्याच्या संधी आम्ही तपासत आहोत.’

आजोबांनी ‘संधी’खाली पेन्सिलीने रेघ मारली. “बस बंद करतायत,” ते म्हणाले.

बरोबर ओळखलं. कायद्याने डिस्ट्रिक्टने बस द्यायची ती आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपलीकडे असेल तर, आणि पुढच्या मुलाचं अडीच मैलांपलीकडे असेल तर. त्याच्या आत राहणाऱ्यांना मिळते ती सौजन्य म्हणून, आणि टंचाईत सौजन्याचा नंबर पहिला लागतो. नातू तिसरीत, घर 1.9 मैलांवर. म्हणजे ज्या रस्त्यावरून मोठी पिवळी बस नेणं धोक्याचं का, हे साहेब पहाटे अंधारात जातीने पाहून येतात, त्याच रस्त्याने आठ वर्षांच्या पोराने पाठीवर दप्तर टाकून चालायला त्यांची काही हरकत दिसत नाही. फुटपाथवर नांगरवाल्या ट्रकने लोटलेला बर्फाचा ढीग असतो, पण फुटपाथ दुसऱ्या खात्याकडे आहे.

पत्राच्या तळाशी ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं’ म्हणून प्रश्नावली जोडली होती. शाळेत आपलेपणा वाटतो का, पाच खांबांपैकी कोणता जास्त भावला, उत्तर एक ते पाच ताऱ्यांत. बसचा प्रश्न नव्हता. तो डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकीत विचारायचा, दर माणशी तीन मिनिटं. सूनबाईंनी ऑफिसातून रजा टाकली, आजोबांनी त्यांना मुद्दे क्रमांक घालून काढून दिले. बैठकीच्या दिवशी दुपारी निरोप आला: बर्फाच्या अंदाजामुळे आजची बैठक ऑनलाइन होईल, नागरिकांना आपलं म्हणणं मांडण्याची सोय मात्र नेहमीप्रमाणे सभागृहातच आहे.